चौसष्ट ओळींचा तीनताल

तर मंडळी, सुरुवात एका कबुलीजबाबाने करतो. (आईने हा परिच्छेद सोडून पुढे वाचावं.)

इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर असताना आमच्या विंगमध्ये सॉफ्टवेअर विकत घेतलेला माणूस एकही नव्हता. पेन ड्राइव्हवरून सॉफ्टवेअर यायचं आणि त्याच्यासोबत कीजेन नावाची एक चिमुकली फाईल यायची. ती उघडली की एक विचित्र आकाराची खिडकी, त्यात पळणारी अक्षरं, आणि फुल व्हॉल्यूममध्ये अचानक सुरू होणारी एक टुंग-टुंग ट्यून. रात्री दोन वाजता ती ट्यून वाजली की सीरियल नंबर कॉपी करायच्या आधी स्पीकरची वायर उपटायची धावपळ व्हायची. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आत्ता हसू आलं असेल, मला माहितीये :-)

आता गंमत बघा. ती अख्खी फाईल काहीशे केबीचीसुद्धा नसायची. एमपीथ्री मिनिटाला साधारण एक एमबी खाते. मग प्रोग्राम, चित्र आणि दोन-तीन मिनिटांचं गाणं एवढ्याशा जागेत बसवलं कसं? चार वर्षं इंजिनिअरिंग करून हा प्रश्न मला पडला नाही. पडला तो गेल्या वर्षी, तोही नोकरीला लागून पाच वर्षं झाल्यावर, वर्क फ्रॉम होमच्या एका कंटाळवाण्या कॉलमध्ये. (मी म्यूटवर होतो. माझा मॅनेजर हा ब्लॉग वाचत नाही अशी आशा आहे.)

उत्तर असं की ते गाणं रेकॉर्ड केलेलं नव्हतंच, ते लिहिलेलं होतं. आणि ज्यात लिहिलं होतं त्या प्रकारच्या सॉफ्टवेअरला ट्रॅकर म्हणतात. आजचा लेख त्याबद्दल. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना वाट बघायला नको: कॉम्प्युटरवर संगीत करून बघायची इच्छा असेल, आणि त्यातही लहानपणी तबला-पेटीच्या क्लासला गेला असाल, तर मोठमोठ्या म्युझिक सॉफ्टवेअरच्या नादी न लागता ट्रॅकरपासून सुरुवात करा. का, ते खाली.

ट्रॅकर म्हणजे काय

एक्सेलची शीट डोळ्यांपुढे आणा. उभे कॉलम म्हणजे चॅनल, आडव्या ओळी म्हणजे वेळ. प्रत्येक खान्यात लिहायचं: कोणता सूर, कोणतं वाद्य, किती आवाज, आणि काही खास करायचं असेल तर त्याचा कोड. प्ले दाबलं की ओळी वर सरकायला लागतात आणि मधल्या ओळीवर जे येईल ते वाजतं. बस्स. वाद्य म्हणजे सॅम्पल, एक छोटासा रेकॉर्ड केलेला आवाज. एकदाच साठवलेला तो आवाज तुम्ही हजार वेळा, वेगवेगळ्या सुरात वाजवू शकता. फाईल लहान का असते ते आता कळलं असेल.

हा प्रकार सुरू झाला १९८७ साली. जर्मनीच्या कार्स्टन ओबार्स्कीने कमोडोर कंपनीच्या अमिगा कॉम्प्युटरसाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला. अमिगाच्या साउंड चिपला चारच चॅनल होते, म्हणून ट्रॅकरलाही चारच कॉलम. एका पॅटर्नमध्ये ६४ ओळी. पुढे १९९४ साली स्वीडनच्या ट्रायटन ग्रुपने पीसीसाठी फास्टट्रॅकर २ काढला आणि चॅनल ३२ पर्यंत गेले. युरोपातली कॉलेजची पोरं यात गाणी करून फ्लॉपीवरून एकमेकांना पाठवायची. १९९८ च्या अनरिअल गेमचं संगीत ट्रॅकरचंच होतं. ब्रिटनच्या कॅल्विन हॅरिसने २००७ चा आपला पहिला अल्बम जुन्या अमिगावर ऑक्टामेड नावाच्या ट्रॅकरमध्ये केला. ज्या डेमोसीन नावाच्या पोरखेळातून हे सगळं वाढलं, त्याला फिनलंडने २०२० साली आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे आपण हॉस्टेलवर वायर उपटून बंद करत होतो तो तिकडचा वारसा होता म्हणायचा. असो.

भातखंडे आणि एक्सेल शीट

आता मूळ मुद्दा. मी पहिल्यांदा ट्रॅकर उघडला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. वाटलं, हे आपण कुठंतरी पाहिलंय. दोन दिवसांनी आठवलं. प्रवेशिकेच्या परीक्षेची वही!

मी चौथीपासून नववीपर्यंत औरंगपुऱ्यात एका गुरुजींकडे तबला शिकायला जायचो. (तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचो.) गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या. मग दहावी आली आणि तबला माळ्यावर गेला, तुमच्याही घरी असंच झालं असणार. पण ताल लिहायची सवय हाताला होती. मात्रांचे खाने आखायचे, विभागांच्या रेघा मारायच्या, समेखाली फुली, टाळीला २, ३ आणि खालीला शून्य. सूर लिहिताना कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. सूर लांबवायचा तर पुढच्या खान्यात नुसती छोटी रेघ.

ही पद्धत विष्णु नारायण भातखंडे यांची. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेला हा माणूस पेशाने वकील. वकिली सोडली, देशभर हिंडला, घराण्यांच्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि त्या नोटेशनसकट छापून टाकल्या. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग आणि हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार. शास्त्राचं इतकं मोठं काम त्यांनी मराठीत लिहिलं हे आपण विसरतो. त्यांच्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वतःचं वेगळं नोटेशन बनवलं. म्हणजे शंभरएक वर्षांपूर्वी दोन मराठी विष्णू 'संगीत कागदावर कसं उतरवायचं' याचे दोन फॉरमॅट काढत होते. फॉरमॅट वॉर काही ब्लू-रेपासून सुरू झालेलं नाही.

ट्रॅकर म्हणजे हेच, फक्त उभं. भातखंड्यांचा खाना म्हणजे ट्रॅकरची ओळ. सूर लांबवायची रेघ म्हणजे ट्रॅकरची रिकामी ओळ, कारण पुढचा सूर येईपर्यंत आधीचा वाजत राहतो. मींडेच्या कमानीला इफेक्ट ३: आधीच्या सुरावरून नव्या सुरावर घसरत जा. आंदोलनाच्या जवळपास जायचं तर इफेक्ट ४. आणि सगळ्यात भारी योगायोग ऐका. पॅटर्नच्या ६४ ओळी. एका मात्रेला ४ ओळी धरल्या तर किती मात्रा? सोळा. ओबार्स्कीला तीनताल माहीत असण्याचं काही कारण नाही, पण त्याच्या पॅटर्नमध्ये तीनतालाचं एक आवर्तन एकही ओळ न उरता बसतं.

लयीचा हिशोबही सरळ आहे. ट्रॅकर वेळ 'टिक'मध्ये मोजतो. टेम्पो १२५ असताना सेकंदाला ५० टिक पडतात. हा आकडा आला युरोपातल्या टीव्हीच्या ५० हर्ट्झवरून, कारण अमिगा पडदा रंगवायच्या ठोक्यावरच गाणं चालवायचा. स्पीड ६ म्हणजे एका ओळीला ६ टिक, म्हणजे ०.१२ सेकंद. चार ओळींची मात्रा ०.४८ सेकंदाची, मिनिटाला १२५ मात्रा. आवर्तन ७.६८ सेकंदांत पूर्ण. दुगुन हवी? दर दोन ओळींनी बोल लिहा. चौगुन? प्रत्येक ओळीवर. तिगुन हवी तर? इथे घोळ होतो, चाराला तिनाने भाग जात नाही. मग स्पीड २ करा आणि मात्रेला १२ ओळी घ्या. १२ गुणिले २, पुन्हा २४ टिक, लय तीच. बाराला दोन, तीन, चार सगळ्यांनी भाग जातो. आवर्तन १९२ ओळींचं होतं आणि फास्टट्रॅकरच्या एक्सएम फॉरमॅटमध्ये २५६ पर्यंत चालतात. हे बसलं त्या रात्री मी जितका खूश झालो तितका प्रॉडक्शनला पहिला कोड गेला तेव्हाही झालो नव्हतो.

गुरुजी

नेटवर तबल्याची सॅम्पल्स भरपूर मिळतात, पण ऐकली की ती कुठल्यातरी हॉटेलच्या लॉबीतली वाटतात. म्हणून एका शनिवारी हिंमत करून, जवळपास तेरा वर्षांनी, गुरुजींकडे गेलो. वय आता चौऱ्याहत्तर. क्लास बंद. डाव्या मनगटाचं दुखणं आहे त्यामुळे डग्गा फार वेळ वाजवता येत नाही. ओळखलं मात्र लगेच. "अरे ये ये. काय करायलास सध्या? पुण्यालाच का?" म्हटलं, "नाही गुरुजी, इथंच आहे, सिडकोत. घरूनच काम चालतं." मग भीत भीत मोबाईल काढला आणि सांगितलं की मला तुमचे बोल रेकॉर्ड करायचेत. एकेक सुटा.

"सुटा म्हणजे? नुसता ना? पुढंमागं काहीच नाही?"

"हो."

"अन् करणार काय त्याचं?"

लॅपटॉप उघडून दाखवलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तर आपलं परीक्षेचंच हाय की. आडवं सोडून उभं लिहिलंय."

रेकॉर्डिंगला दोन तास लागले, कारण तो नेमका गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस निघाला. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी प्रत्येक घरातली मोटर एकदम सुरू होते. दोन मोटरींच्या मधल्या शांततेत आम्ही ना, तीं, ते, टे, तूं, गे आणि के असे सात बोल घेतले. धा घ्यायची गरज नाही, कारण धा म्हणजे तबल्यावर ना आणि डग्ग्यावर गे. धीं म्हणजे तीं आणि गे. एका चॅनलमध्ये तबला, दुसऱ्यात डग्गा, दोन्ही एकाच ओळीवर लिहिले की झाला धा.

घरी येऊन तीनतालाचा ठेका लिहिला. आणि लिहिताना एक गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांना दिसली. धा तीं तीं ता, ता... दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचं चॅनल कोरं पडलेलं! पाच वर्षं मी हवेत हात फिरवून 'खाली' दाखवत होतो, पण खाली म्हणजे नक्की काय रिकामं होतं ते त्या कोऱ्या कॉलमने दाखवलं. दुसरी गोष्ट: एका चॅनलमध्ये एका वेळी एकच आवाज वाजतो, नवा बोल आला की जुना तुटतो. हा जुन्या ट्रॅकरचा तोटा समजतात. पण डग्ग्याला तरी पुड्या किती असतात? एकच. के आला की गे ची घुमक दबते, हाताखाली होतं तेच.

पुढच्या शनिवारी ऐकवायला गेलो. जाम एक्साइटेड होतो. गुरुजींनी दोन आवर्तनं ऐकली, हातावर मात्रा मोजल्या, आणि विचारलं, "सम कुठंय?"

"पहिल्या ओळीवर, गुरुजी."

"ते दिसायलंय. ऐकू कुठं येतंय?"

खरं होतं. सोळाच्या सोळा मात्रा सारख्याच जोराने पडत होत्या. मी सगळीकडे व्हॉल्यूम ६४, म्हणजे कमाल, ठेवला होता. शिवाय प्रत्येक ना अगदी तोच, एका सॅम्पलचा. हाताने वाजवणारा माणूस दोन वेळा तोच ना वाजवूच शकत नाही. मग बसून दुरुस्त्या केल्या. समेला ६४, बाकी टाळ्यांना ५०च्या आसपास, मधल्या मात्रांना ४०. प्रत्येक बोलाची तीन-तीन रेकॉर्डिंग्ज घेतली आणि आलटून पालटून लावली. काही बोल नोट डिलेने एखाद-दोन टिक मागे सरकवले. मनगट दाबून डग्ग्याचा सूर वर चढवतात तिथे इफेक्ट १ टाकला. तिसऱ्या शनिवारी गुरुजी म्हणाले, "आता बरंय. शिकाऊ वाजवायलाय असं वाटतंय." मी हे कौतुक समजून घेतलं.

मग भांडण

रेकॉर्डिंगच्या शेवटी गुरुजींनी हात मोकळा करायला म्हणून एक कायदा वाजवला होता. मी फोन बंद केलेला नव्हता. घरी ऐकला तर असा कायदा मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही. रविवारभर बसून बोल उतरवले, पॅटर्न केला, आणि कौतुकाने त्यांना दाखवला.

ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "हा काढ त्यातून. हा मला माझ्या गुरूंनी दिलाय. कुणालाही द्यायचा नाही म्हणून दिलाय."

आता ट्रॅकरच्या फाईलचा स्वभाव सांगतो म्हणजे अडचण कळेल. एमपीथ्री म्हणजे शिजलेली भाजी, त्यातून कांदा परत काढता येत नाही. मॉड किंवा एक्सएम फाईलमध्ये सॅम्पल्सही असतात आणि लिहिलेलं सगळंही. ज्याच्या हातात फाईल, त्याच्या हातात रेसिपी. तो उघडून बघू शकतो की तुम्ही सम कशी उचललीत, कुठला बोल किती मागे ठेवलात. सॅम्पल काढून स्वतःच्या गाण्यात वापरू शकतो. ट्रॅकरवाल्या पोरांची एक अख्खी पिढी एकमेकांच्या फाईली उघडूनच शिकली. व्ह्यू सोर्स करून एचटीएमएल शिकलो, तसंच. मॉड आर्काइव्ह नावाच्या साठ्यात १९९६ पासूनच्या अशा फाईली आजही फुकट मिळतात.

मी ओपन सोर्सवर पोट भरणारा माणूस. मला गुरुजींचं म्हणणं पटलं नाही. वाद घातला, म्हटलं, "गुरुजी, भातखंड्यांनी हेच केलं ना? त्यांना पण लोक म्हणालेच असतील, देऊ नका. त्यांनी छापलं म्हणून आज त्या चिजा आपल्याला माहीत आहेत. तुमच्याकडे आता शिष्य नाही. उद्या हा कायदा कुणाला येणार?"

गुरुजी गप्प राहिले. मग म्हणाले, "पुस्तकातनं चीज मिळती. ती म्हणायची कशी ते मिळतं का? तूच सांग, तुझी सम पहिल्या ओळीवर लिहिलेली होती की नाही?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भातखंड्यांवरचा आक्षेपही हाच आहे, की नोटेशन सांगाडा देतं, जीव देत नाही. पण सांगाडासुद्धा नसला तर मागे काय उरतं? दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि मला एक निवडता येत नाही.

मी तो पॅटर्न डिलीट केला. बॅकअपमधूनही केला. (हो, गिटची हिस्टरीसुद्धा साफ केली. आयटीवाल्यांना कळेल ती किती मोठी गोष्ट आहे.) ज्याने वाजवलं त्याची परवानगी नसेल तर 'ज्ञान मुक्त असावं' वगैरे सगळं आपल्या सोयीचं तत्त्वज्ञान असतं. सात बोल मात्र त्यांनी दिले, "कुणालाही दे" म्हणून दिले. सॅम्पलला नाव द्यायला २२ अक्षरांची जागा असते. ट्रॅकरवाले तिथे मित्रांना निरोप लिहायचे. फॉरमॅट युनिकोडच्या आधीचा, देवनागरी चालत नाही, म्हणून गुरुजींचं नाव रोमनमध्ये लिहावं लागलं. ते त्यांना आवडलं नाही. स्पेलिंग दोनदा बदलायला लावलं.

आता तुमची पाळी

करून बघायचं असेल तर एवढंच करा. मिल्कीट्रॅकर घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो आणि फास्टट्रॅकर २ सारखाच वागतो. विंडोजवर ओपनएमपीटीही फुकट आणि जास्त सोयीचा, पण कळांची मांडणी थोडी वेगळी. सनव्हॉक्स कॉम्प्युटरवर फुकट, मोबाईलवर विकत. रिनॉइज पैसे देऊन घ्यायचा, तो सहा महिन्यांनी टिकून राहिलात तर. (आणि विकत घ्या, कीजेन शोधू नका. आता पगार आहे.)

कीबोर्डची खालची ओळ म्हणजे पेटी. मिल्कीट्रॅकरमध्ये झेड ही सी, एक्स ही डी, आणि मधल्या काळ्या पट्ट्यांसाठी वरच्या ओळीतल्या एस, डी या कळा. मोबाईलवर टेबल, स्टीलचा डबा, जे असेल ते रेकॉर्ड करा, वेव्ह फाईल करून लोड करा. मग केरवा लिहा: धा गे ना ती, ना क धी ना. मात्रेला २ ओळी, म्हणजे आठ मात्रांना १६. ट्रॅकरमध्ये ओळी बऱ्याचदा हेक्समध्ये दिसतात, शून्य शून्य ते शून्य एफ. (शेवटी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर कामाला आला.) तबल्याच्या चॅनलमध्ये ०, ४, ६, ८, १२ आणि १४ या ओळींवर ना, ना, ती, ना, ती, ना. डग्ग्याच्या चॅनलमध्ये ०, २ वर गे, १० वर के, १२ वर परत गे. प्ले दाबा. मग व्हॉल्यूम कमी-जास्त करा. पहिल्या संध्याकाळी एवढं पुरे. दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्याची एक फाईल उघडून त्यातला एकच पॅटर्न ओळीओळीने वाचा.

"पण इंडस्ट्रीत कुणी ट्रॅकर वापरत नाही" असं म्हणणारे भेटतील. खरंय, लग्नातल्या डीजेपासून सिनेमापर्यंत सगळे मोठ्या सॉफ्टवेअरवर असतात. पण तिथे पहिल्या दिवशी हजार प्लगइन आणि तयार लूप समोर येतात. लूप ओढून टाकला की गाणं तयार, आणि आपल्याला काय आलं? काहीच नाही. एआयचं तर बोलायलाच नको. एक ओळ टाईप करा, अर्ध्या मिनिटात गाणं. मी करून पाहिलं. 'संथ तीनताल' मागितला, ऐकायला गोड आलं, मात्रा मोजल्या तर सोळा काही भरेनात. तक्रार त्याची नाही, उद्या ते सुधारेलही. तक्रार ही की उघडून बघता येत नाही. सम कुठे हरवली ते शोधायला आत ओळच नाही.

आणि साधनं मोठी असल्याशिवाय काही होत नाही हेही खोटं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन रोलंड यंत्रांवर, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती परत निघाली तेव्हा जगभरचे लोक चाट पडले, की ॲसिड हाउस यायच्या आधी हा आवाज मुंबईत होता! टीबी-३०३ मध्येही सूर एकेक खाना करून भरावे लागतात. खाने भरायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे.

शेवटचं. कायदा डिलीट केला त्या दिवशी निघताना गुरुजी म्हणाले होते, "यंत्राला द्यायचा नाही म्हणालो. तुला नाही असं कुठं म्हणालो? माळ्यावरचा तबला काढ." तबला काढला. शाई उखडली होती, गुलमंडीजवळ पुडी बदलून घेतली. आता एक शनिवार आड जातो. बोटं अजिबात वळत नाहीत, तिगुनीत तर रडकुंडीला येतो, तेव्हा घरी येऊन १९२ ओळींचा पॅटर्न लावून त्याच्यासोबत रियाज करतो. कायद्याचं तोंड जेमतेम बसलंय, पलटे बाकी आहेत. तो कुठेतरी लिहून ठेवायला हवा असं मला अजूनही वाटतं, आणि दर वेळी गुरुजींना विचारतो. दर वेळी उत्तर एकच: "आधी वाजव."

तुमच्याही माळ्यावर काही असेल तर सांगा. पुढच्या शनिवारी भेटूच.

ता. क. सात बोलांची एक्सएम फाईल ज्यांना हवी त्यांनी मेल टाका. पाण्याच्या मोटरीचा आवाज एका गे मध्ये राहिलाय, तो मुद्दाम काढलेला नाही.